तिसऱ्या रांगेतले कोपर

आमच्या हौशी नाट्यमंडळात कोणते नाटक विनोदी आहे आणि कोणते नुसतेच लांब आहे, याचा निवाडा पुष्कळ वर्षे एकच गृहस्थ करीत आले. या कामासाठी त्यांची निवड झाली, ती ते कधी हसत नाहीत म्हणून.

नोकरीत असताना ते वाहन चालवण्याची परीक्षा घेत. सारे गाव त्यांना तपासनीस म्हणे आणि निवृत्तीनंतरही त्या नावातून त्यांची सुटका झाली नाही. उमेदवाराने लोखंडी खांबांमधून गाडी वळवावी, मागे घ्यावी, चढावर थांबवावी आणि न घसरता पुन्हा पुढे काढावी. शेजारी बसलेले तपासनीस खिडकीबाहेर पाहत एकच शब्द उच्चारीत. बहुधा तो 'नापास' असे. गावात आज जे लोक सायकल चालवताना दिसतात, ते सगळेच काही प्रकृतीच्या काळजीने चालवीत नाहीत.

या बाबतीत त्यांनी आपपर भाव ठेवला नाही. बेकरीवाला एकदा बिस्किटांचा डबा मागच्या सीटवर ठेवून परीक्षेला आला. डबा वळणावर घसरला. "डबा घसरला म्हणजे वळण चुकलं," असे सांगून तपासनिसांनी त्याला नापास केले आणि डबा त्याच्या हातात देऊन त्याला पायी परत पाठवले. सख्ख्या मेहुण्याला, म्हणजे गावातल्या दातांच्या डॉक्टरांना, त्यांनी नापास केले, कारण ते आरशात मागची गाडी न पाहता स्वतःचे दात पाहत होते. आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी स्वतःच्या बायकोलाही नापास केले.

बाईंनी पुन्हा परीक्षा दिली नाही. त्या नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि तिथून गाडी चालवू लागल्या. खड्डा आला की त्यांचे कोपर तपासनिसांच्या बरगडीत जाई. शाळा सुटली असेल तर जरा जोरात जाई. तोंडाने त्या काही बोलत नसत. परवाना एकाचा आणि वाहतुकीचे भान दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती. अनेक राज्यव्यवस्थांपेक्षा ती अधिक काळ टिकली आणि तिच्यात माणसेही कमी जखमी झाली.

मंडळाचे सभागृह म्हणजे टायरांच्या गोदामावरचा मजला. तिथल्या प्रेमप्रसंगांना रबराचा वास येतो. डॉक्टर दिवसा दात काढतात आणि संध्याकाळी नाटके बसवतात. दोन्ही ठिकाणी आपल्या हाताखालच्या माणसाने तोंड उघडे ठेवावे आणि मत मात्र देऊ नये, अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांनी बसवलेले पहिले विनोदी नाटक तालमीत फार गाजले. नटांचे नातेवाईक पोट धरून हसले. प्रयोगाच्या दिवशी मात्र प्रेक्षक जसे बसले, तसे लोक आपल्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसतात, हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात आले. नातेवाइकांचे हसणे हा सामाजिक शिष्टाचार असतो, त्याला पुरावा मानता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी पटले.

"भाऊजींना बसवू या," ते म्हणाले. "ते हसले तर भिंती हसतील."

तेव्हापासून मंडळाचा दंडक झाला: हंगामाआधी रविवारी दुपारी नाटकांचे वाचन व्हायचे, तपासनिसांनी तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसायचे, आणि ते मोठ्याने हसल्याशिवाय कोणतेही नाटक हंगामात घ्यायचे नाही. त्यांचे हसणे थंडीत बंद पडलेल्या ट्रकसारखे होते. आधी घसा खाकरल्यासारखा आवाज, मग शांतता, मग एकाएकी सगळी गाडी हलू लागे. ते खोटे असणे शक्यच नव्हते. ज्या माणसाने बायकोला पास केले नाही, तो फालतू कोटीला कसा करील? गावाने हा युक्तिवाद मान्य केला. नापास झालेली माणसेही तिकीट काढताना विचारीत, "साहेब हसलेत ना याला?"

शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, विणकाम घेऊन बसत. त्या हसतात का, हे कोणी पाहिले नव्हते. त्या हसत, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. फक्त खांदे हलत आणि सुयांवरचा एखादा टाका सुटे. ज्याच्या हसण्याला आवाज असतो त्याचेच हसणे समाज मोजतो, हा नियम नाट्यमंडळाने शोधून काढलेला नाही. पण त्याचे पालन मंडळात अगदी काटेकोरपणे होई.

मग तपासनिसांना ऐकू येईनासे झाले.

हे एका दिवसात घडले नाही. आधी दाराची घंटा गेली, मग चहाच्या किटलीची शिट्टी, मग व्यासपीठावरून बोलले जाणारे शब्द. त्यांनी कानाचे यंत्र आणले होते. पण त्या सभागृहात ते यंत्र खुर्च्यांची करकर आणि पंख्याची घरघर इतक्या निष्ठेने ऐकवी की माणसांसाठी जागाच उरत नसे. यंत्र टेबलाच्या खणात गेले. आता खरे सांगायचे, तर खुर्ची सोडावी लागणार होती. त्यांच्या शब्दाला कार्यालयात किंमत उरली नव्हती. घरात ती कधीच नव्हती. ती तिसरी रांग एवढे एकच ठिकाण राहिले होते, जिथे माणसे श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे पाहत. ते त्यांना सोडवेना.

पहिला अपघात शेंगदाण्यांमुळे झाला. एका वाचनात काकूंनी पिशवीतून शेंगदाणे काढताना त्यांचे कोपर तपासनिसांना लागले. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना वाटले, पुढे काहीतरी आले. गाडी चालवत असते तर त्यांनी ब्रेक दाबला असता. इथे ते हसले. समोर बेकरीवाला पलंगाखाली शिरण्याचा प्रसंग वाचत होता. तो हर्षाने थांबला, डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि नाटक पास झाले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. मग पुढच्या पानावर त्यांना स्वतःला जिथे हसू आले, तिथे त्यांनी कोपर मारून पाहिले. ट्रक सुरू झाला.

याविषयी दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. संसारातले महत्त्वाचे करार असेच होतात. पण तपासनिसांना झोप नीट लागेना. आयुष्यभर त्यांनी एकाही माणसाला न पाहता पास केले नव्हते आणि आता ते नाटकेच्या नाटके न ऐकता पास करीत होते. काकूंची झोप मात्र उत्तम होती.

येत्या हंगामासाठी चार विनोदी नाटके निवडायची होती. पहिल्यात बायको आपल्याविषयी काय बोलते ते ऐकायला नवरा कपाटात लपतो आणि बायको कपाट विकते. दुसऱ्यात घरातला नळ स्वतः दुरुस्त करणारा नवरा शेवटी शेजाऱ्यांच्या गच्चीवर राहायला जातो. तिसऱ्यात सासरी जाणे टाळायला आजाराचे सोंग घेतलेल्या नवऱ्याचे खरोखर ऑपरेशन होते. चौथ्यात सकाळी फिरायला गेलेला नवरा रस्ता चुकून दुसऱ्याच कुटुंबात शिरतो आणि ते कुटुंब आठवड्याने त्याला परत आणून देते. चारही नाटकांना तपासनीस हसले. चौथ्याला तर इतके, की त्यांची खुर्ची मागे सरकली.

पाचवे नाटक डॉक्टरांनी स्वतः लिहिलेले होते. एक सोशिक, सुसंस्कृत भाऊ आणि त्याला उठता-बसता शिकवणारी थोरली बहीण, असा त्याचा विषय. डॉक्टरांनी ते स्वतः वाचले, सर्व आवाज काढून. काकू विणत राहिल्या. कोपर हलले नाही. तपासनिसांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग अनुमान काढले की हे नाटक दुःखी असावे. वाचन संपताच त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि मेहुण्याचा हात हातात घेतला.

"फार हृदयाला भिडलं," ते म्हणाले.

डॉक्टर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत दवाखान्यात आलेल्या रोग्यांविषयी सहानुभूती वाटते.

प्रकरणाला तोंड फुटले कपड्यांच्या मापाच्या दिवशी. मंडळात नवऱ्याच्या वयाचा आणि आकाराचा नट एकच, बेकरीवाला. बायकोच्या भूमिका करणारी नर्सबाई त्याच्या कमरेभोवती टेप धरून उभी होती.

"मला एक सांगा," बेकरीवाला म्हणाला. "चारही नाटकांत मीच गाढव का?"

"पहिल्यात गाढव कुठे? पहिल्यात तुम्ही कपाटात आहात."

"थट्टा नको, बाई. पहिल्यात विकला जातो, दुसऱ्यात भिजतो, तिसऱ्यात फाडला जातो, चौथ्यात परत केला जातो. घरी बायको विचारते, नाटकात तरी तुम्हाला कोणी मान देतं का? काय सांगू?"

"श्वास सोडा. टेप पुरत नाही."

डॉक्टर ऐकत होते. आपल्या निदानशक्तीवर त्यांचा विश्वास होता. "नर्सबाई," ते म्हणाले, "भाऊजी हसतात तेव्हा कुठे बघतात?"

"कुठेच बघत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही. काकू कोपर मारतात, मग ते हसतात."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या हंगामापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" नर्सबाई टेप गुंडाळीत म्हणाली. "त्याआधी मला ट्रे घेऊन येणे आणि ट्रे घेऊन जाणे एवढ्याच भूमिका मिळत होत्या."

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी 'एक छोटा उतारा' वाचण्यासाठी सगळ्यांना बोलावले. तपासनीस आपल्या खुर्चीवर बसले, काकू शेजारी.

"ताई, तू जरा बाहेर बसतेस का? पाच मिनिटं."

"का?"

"प्रयोग आहे."

"कसला? जन्मभर तू मला खोलीबाहेर काढून माझ्या डब्यातला खाऊ खायचास, तोच ना?"

"ताई, प्लीज."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. तपासनिसांना काय चालले आहे ते कळले नव्हते, पण आपली शेजारची सीट रिकामी होत आहे एवढे कळले होते. काकू सुया घेऊन उठल्या. लोकरीचा गुंडा मात्र खुर्चीवर राहिला. तो पडू नये म्हणून तपासनिसांनी उचलून मांडीवर घेतला. धागा रांगेतून, दाराच्या फटीतून बाहेर गेला आणि काकू जिन्यात बसून विणू लागल्या.

डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली. तपासनीस त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, ते त्यांनी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिले होते: चढावर थांबलेली गाडी, क्लचवर थरथरणारा पाय आणि शेजारी मुकाट बसलेला परीक्षक.

तेवढ्यात मांडीवरचा गुंडा फिरला.

बुडत्या माणसाला जे सुचते तेच त्यांना सुचले. बायकोने बाहेरूनही सोय केली होती! ते हसले. गुंडा पुन्हा फिरला, ते पुन्हा हसले. मग काकूंची ओळ लांब आली असावी, कारण गुंडा गरगर फिरू लागला आणि तपासनीस खुर्चीसकट हलू लागले. ते पाहून बेकरीवाला फुटला, त्याच्या पाठोपाठ नर्सबाई, आणि सगळे सभागृह हसू लागले. या मंडळाच्या इतिहासात कोणत्याही वाचनाला असा प्रतिसाद मिळालेला नाही.

डॉक्टर तेवढे हसत नव्हते. त्यांचा चेहरा पाहून तपासनीस हळूहळू थांबले. नर्सबाई उठून त्यांच्याजवळ गेली आणि कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "साहेब, डॉक्टर दात काढल्यानंतरच्या सूचना वाचत होते. कापूस चावून धरा, थुंकू नका, गरम पिऊ नका."

हसणे थांबले. तपासनिसांनी एकदा गुंड्याकडे पाहिले, एकदा दाराकडे. मग ते सरळ उभे राहिले आणि खिडकीबाहेर पाहत त्यांनी तो शब्द उच्चारला.

"नापास."

"भाऊजी, तसं नाही, मला फक्त—"

"ऐकू येत नाही. पुष्कळ दिवस झाले. ज्याला दिसत नाही त्याचा परवाना मी स्वतः काढून घेतलाय, तेही म्हाताऱ्या माणसांचा. हात जोडायचे ते. आता माझी पाळी." एवढे बोलून ते खुर्च्यांमधून वाट काढीत शेवटच्या रांगेकडे निघाले.

गुंडा त्यांच्या हातातच होता. धागा ताणला गेला आणि जिन्यातून आवाज आला, "लोकर कोण ओढतंय?" पाठोपाठ एका सुईवर लोंबणारे विणकाम धरून काकू आत आल्या. "कुठे निघालात?"

हे त्यांना ऐकू आले नाही; तोंडाच्या हालचालीवरून मात्र समजले. काही वाक्ये संसारात कानाशिवायही समजतात. "मी नापास झालो," ते म्हणाले. "मागे बसतो."

काकूंनी त्यांच्यासमोर उभे राहून एकेक शब्द ठासून उच्चारला. "मला नापास केलंत, तेव्हा मी मागे जाऊन बसले होते का? चला जागेवर." तपासनीस मात्र शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तू सगळ्या मंडळाला फसवलंस."

"मी? मला हसू आलं तिथे मी कोपर मारलं. एकही खोटं मारलं नाही. इतकी वर्षं तिसऱ्या रांगेत बसले, कोणी एकदा तरी विचारलंत, काकू, तुम्हाला काय वाटलं?"

डॉक्टर हातातल्या कागदाची घडी घालू लागले. बेकरीवाल्याने मात्र हळूच विचारले, "काकू, पण प्रत्येक वेळी नवराच का?"

"तू कपाटात शिरताना स्वतःला पाहिलंयस का कधी? मी काय करणार?"

डॉक्टर व्यवहारी आहेत. "ठीक आहे. मग यापुढे तूच एकटी बस आणि हस."

काकू बसल्या. बेकरीवाल्याने कपाटाचा प्रसंग वाचला. काकूंचे खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आले, दोन टाके सुटले. पण सभागृहात मृत्यूसारखी शांतता होती. तीन वाक्यांत बेकरीवाल्याचा धीर सुटला. "आवाज नाही आला तर मला पुढचं बोलवत नाही," तो म्हणाला. "साहेबांना बोलवा."

अशा रीतीने जे सत्य बाहेर आले, त्याने कोणाचीही सोय झाली नाही. न्याय एकाजवळ होता आणि कंठ दुसऱ्याजवळ. शेवटच्या रांगेत बसलेल्या तपासनिसांना नर्सबाईने ओरडून सर्व समजावले, की दोघांनी मिळून बसावे, उघडपणे.  तपासनिसांना खुर्ची हवी होती. आणि चोरून मिळालेली खुर्ची नको होती, हेही तितकेच खरे होते.

"एक अट," ते शेवटी म्हणाले. "इशारा मागच्याला दिसला पाहिजे. गुपचूप वळायचं नाही. कोण ठरवतंय आणि कोण हसतंय, हे सगळ्यांना कळायला हवं."

काकूंनी आठवड्यात एक भडक नारिंगी बाही विणली, कोपरावर चढवण्यापुरती. ती शेवटच्या रांगेतूनही दिसते. नव्या व्यवस्थेतले पहिले वाचन डॉक्टरांनी आपल्याच नाटकासाठी मागून घेतले, कारण आधीचा निकाल बेकायदा होता, असे त्यांचे म्हणणे पडले. ते वाचू लागले. व्यासपीठावरचे सारे नट, प्रॉम्प्टर, दिवे लावणारा, कोणीही त्यांच्याकडे पाहत नव्हते. सगळ्यांची नजर त्या नारिंगी कोपरावर होती. सोशिक भाऊ बोलला. कोपर स्थिर. थोरली बहीण बोलली. कोपर स्थिर. तपासनीस हात मांडीवर ठेवून, स्टार्टरची वाट पाहणाऱ्या इंजिनासारखे बसले होते.

पहिला अंक संपायच्या आत डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता.

"ताई, तू उगाच मनाला लावून घेतलंयस. शपथेवर सांगतो, या नाटकातली बहीण तू नाहीस."

कोपर हलले. मग आणखी एकदा, जोरात, शाळा सुटल्यासारखे.

घसा खाकरल्याचा आवाज आला, मग शांतता, आणि मग तिसरी रांग हलू लागली. बेकरीवाला व्यासपीठाच्या कडेला बसून पोट धरून हसत होता. नर्सबाई म्हणाली, "डॉक्टर, हे वाक्य नाटकात घाला. पडदा उघडताना." डॉक्टरांनी तिच्याकडे रागाने पाहिले, खिशातून पेन काढले आणि ते वाक्य पहिल्या पानावर लिहून घेतले.

हसणे ओसरल्यावर तपासनीस बायकोकडे वाकले. "काय म्हणाला?"

"काही नाही," काकू सुटलेला टाका उचलीत म्हणाल्या. "तुम्ही समोर बघा."